रानात माणसं किती मावतात?

लग्न बंदिस्त जागेत असेल तर शंभर माणसं. खुल्या जागेत असेल तर अडीचशे, किंवा त्या जागेच्या क्षमतेच्या 25 टक्के, यापैकी जी संख्या कमी असेल ती. कोरोनाकाळातला हा आदेश 2021 साली 24 डिसेंबरच्या शुक्रवारी निघाला आणि त्याच मध्यरात्रीपासून लागू झाला. मराठवाड्यातल्या आमच्या भूम तालुक्यात तो पोचला व्हॉट्सॲपवर, कुणीतरी टेबलावर ठेवून तिरका काढलेला फोटो म्हणून. फोटोत एका कलमावर काढणाऱ्याचा अंगठा आला होता. अंगठ्याखाली काय होतं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. ते कलम तेवढं तालुक्यात काटेकोर पाळलं गेलं.

शंभर समजतात. अडीचशेही समजतात. नाताळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये 50 टक्के, हेही समजतं; बाकं मोजायची, निम्मी रिकामी ठेवायची. नाट्यगृहातल्या खुर्चीला नंबर असतो, सिनेमाला तिकीट असतं. पण आमच्याकडे लग्न रानात होतं. मंडप रानात, पंगत रानात, गाड्या रानात. त्या रानाची क्षमता किती?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. ओळखीतल्या एका वधूपित्याचं कार्य सोमवारवर आलं होतं. मुहूर्त मुद्दाम नाताळच्या सुट्टीत धरलेला, कारण निम्मी भावकी पुण्याला कामाला आणि तिला रजा मिळते ती याच आठवड्यात. एसटी नोव्हेंबरपासून संपावर, त्यामुळे पाहुण्यांनी बार्शीवरून येणाऱ्या जीपा आगाऊ ठरवलेल्या. गुलाबजामला खवा सांगून झालेला. पाच लिटर दूध आटतं तेव्हा कुठे किलोभर खवा हाती लागतो, आणि भट्टीवाल्याने त्या हिशेबाने दूध बांधून घेतलेलं. भट्टीवाल्याला 25 टक्के सांगता येईल एक वेळ. म्हशीला कोण सांगणार?

तर शनिवारी सकाळी, नाताळच्या दिवशी, वधूपिता आणि मुलीचे मामा तलाठ्याच्या घरी गेले. सुट्टी असूनही भाऊसाहेब भेटले, हे आधी कौतुकाने नोंदवतो.

“भाऊसाहेब, रानाची क्षमता काढून पाहिजे.”

“कशाची?”

“रानाची. माणसात.”

भाऊसाहेबांनी सातबारा काढला. त्यावर क्षेत्र होतं, आकार होता, पोटखराबा होता, चुलत्याच्या नावचा बोजा होता, विहीर होती, दोन लिंबाची झाडं होती. गेल्या तीन हंगामांत काय पेरलं तेही होतं. माणसं किती मावतात, हा रकाना मात्र नव्हता. भाऊसाहेब म्हणाले, तहसीलला विचारा. तहसीलला कुलूप होतं. ठाण्यात विचारलं तर उत्तर मिळालं, तुम्ही माणसं बोलवा, क्षमता आम्ही येऊन बघतो.

मग मामांनी मनावर घेतलं. मामा शाळेत गणित शिकवतात. त्यांनी माणशी दहा चौरस फूट धरले, कारण मराठवाड्यातला पाहुणा मांडी घालून बसला, पुढ्यात पत्रावळ आली आणि शेजारी बूट सांभाळायचे झाले की त्याला एवढं लागतंच. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. मोकळं रान दहा गुंठे, त्यात माणसं मावली 1089. त्याचे 25 टक्के 272. अडीचशेपेक्षा जास्त, म्हणजे अडीचशे पक्के. घरात आनंद झाला, आचाऱ्याला फोन गेला. तेवढ्यात पुण्याहून आलेल्या भाच्याने विचारलं, मामा, सहा फुटांच्या अंतराचं काय? मामांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मांडणी केली. सहा गुणिले सहा, माणशी छत्तीस चौरस फूट. दहा गुंठ्यांत 302 माणसं. त्याचे 25 टक्के 75. यापैकी जी संख्या कमी असेल ती. म्हणजे चारी बाजूंनी भिंती आणि वर पत्रा असलेल्या हॉलमध्ये शंभर माणसं चालतील आणि वरती आभाळ, खाली काळी माती अशा मोकळ्या रानात पंचाहत्तर! मोकळ्या हवेत विषाणू कमी पसरतो असं दोन वर्षं आमच्या कानीकपाळी ओरडून झालं होतं. अडीचशेच्या अडीचशे माणसं हवी असतील तर रानात हजार मावायला पाहिजेत, म्हणजे 36 हजार चौरस फूट, म्हणजे तेहतीस गुंठे मोकळं रान. तेहतीस गुंठ्यांत शाळू उभा, तोही पोटऱ्यात आलेला. तो कापायचा? विहिरीचं क्षेत्र धरायचं की वगळायचं? धरलं तर विहिरीत 25 टक्क्यांनी किती पाहुणे उतरवायचे? बांधावर बसलेला माणूस कुणाच्या रानात मोजायचा, आपल्या की भांडणातल्या चुलत्याच्या? आणि लिंबावर चढून बसलेली पोरं? मामांनी हे सगळे प्रश्न वहीत उतरवून काढले. तिसरी पास झालेल्या आजीने मात्र एकच विचारलं, नवरा-नवरी धरून की सोडून?

गंमत बघा. एरवी याच तालुक्यात माणूस रान कमी दाखवायला धडपडतो. अल्पभूधारकाचा दाखला मिळावा म्हणून पोराच्या, बायकोच्या, म्हातारीच्या नावे तुकडे पाडतो. आता तोच माणूस भाऊसाहेबांच्या दारात उभा राहून म्हणत होता, साहेब, रान मोठं दाखवा हो, बारा पाहुणे वाढतील.

इथपर्यंत मी हसून घेतलं. पुढचं हसून लिहिता येत नाही. हेच रान सप्टेंबरअखेर पाण्याखाली होतं. काढणीला आलेलं सोयाबीन उभ्या जागी कुजलं, शेंगांना कोंब फुटले, काही ठिकाणी मातीसकट वाहून गेलं. तेव्हा रानाची क्षमता कुणी विचारली नाही. तेव्हा ठरला होता तो दर: जिरायतीला हेक्टरी दहा हजार, बागायतीला पंधरा, बहुवार्षिक पिकाला पंचवीस, आणि तेही दोन हेक्टरपर्यंतच. तिथेही यापैकी जे कमी असेल तेच. पंचनाम्याला माणूस मिळेना म्हणून लोकांनी चिखलात उभं राहून मोबाइलवर फोटो काढले, ते ॲपवर चढेनात. ज्या कारभाराला बुडालेलं रान मोजता आलं नाही, तो आता त्याच रानात माणसं किती मावतात ते मोजायला निघाला होता. आणि मंजूर झालेल्या मदतीचा पहिला हप्ता किती? 75 टक्के. उरलेले 25 टक्के मागाहून.

मागाहून म्हणजे कधी, याचा आदेश तोवर व्हॉट्सॲपवर आलेला नव्हता. तिरकाही नाही.

डिसेंबरातच राज्यात शंभरावर नगरपंचायतींची निवडणूक झाली, 21 तारखेला मतदान. शेजारी वाशीतही. प्रचाराच्या सभा झाल्या त्या मैदानांची क्षमता कुणी काढली असेल तर मामांना कळवा, त्यांना संदर्भाला लागेल. मतदान मंगळवारी झालं, आदेश शुक्रवारी आला. विषाणूला आचारसंहिता कळते, असं म्हणावं लागेल.

त्याला बाकीही पुष्कळ कळतं. आदल्या वर्षी, 2020 मध्ये, याच दिवसांत रात्री अकरा ते सकाळी सहाची संचारबंदी होती, पण ती फक्त महानगरपालिकांच्या हद्दीत. आम्ही नगरपरिषदवाले, म्हणून वाचलो. 2021 मध्ये तो बढती घेऊन आला. आता सगळीकडे रात्री नऊ ते सकाळी सहा पाचपेक्षा जास्त माणसांनी एकत्र यायचं नव्हतं. नऊच्या आत आठवडी बाजारात खांद्याला खांदा घासून भाजी घ्यायला हरकत नव्हती. वरातीत मात्र नवरा, नवरी, करवली, गाडीचा चालक आणि एक वाजंत्री. वाजंत्री हलगीवाला की सनईवाला, यावरून दोन्ही घरांत चकमक झडली म्हणे. नवरदेवाचा घोडा धरायचा की नाही, हे ठाण्यातही सांगता आलं नाही.

सोमवारचं लग्न अखेर झालं. माणसं किती होती ते मी लिहिणार नाही. वधूपिता सज्जन माणूस आहे आणि पोलिसांनाही गुलाबजाम आवडले होते.

मामांचं काम मात्र वाया गेलं. त्यांनी तालुक्यातल्या मंगल कार्यालयांपासून बांधावरच्या खळ्यापर्यंत सगळ्या जागांची क्षमता काढायला घेतली होती. अर्धी वही भरली आणि गुरुवारी, 30 तारखेला, नवा आदेश आला: जागा खुली असो की बंदिस्त, लग्नाला पन्नास. अंत्यविधीला वीस. क्षमतेचा शब्द गाळून टाकला होता. ज्यांनी अडीचशेच्या हिशेबाने शाळू कापला असेल त्यांनी काय करायचं, त्याचं कलम कुठे दिसलं नाही. बहुतेक अंगठ्याखाली असेल.

जानेवारीत लग्नं काढलेल्यांनी पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं होतं. माझी तेव्हाची विनंती वरच्या साहेबांना होती: पन्नास माणसांत आम्ही लग्न लावू, पंगतीला भावकीतले निम्मे रुसतील तेही निस्तरू. सोयाबीनचे आमचे ते राहिलेले 25 टक्के तेवढे सोडा.