एकरकमी काका

काकांना कुठलीही वस्तू दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "हे एकदाच ना?" किंमत ते नंतर विचारतात. प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतातच आणि बहुधा ते बँकेतून निवृत्त झालेले असतात. जन्मभर लोकांना हप्त्यांनी कर्ज दिल्यामुळे हप्ता ही काय चीज असते हे त्यांना आतून ठाऊक असतं. आमच्या काकांचं घर एकरकमी, स्कूटर एकरकमी, वाचनालयाचं सभासदत्व आजीव. आजीव वर्गणी भरलेली दोन मासिकं तर काकांच्या डोळ्यांदेखत गेली. त्याचं दुःख त्यांना आहे, पण वर्षाची वर्गणी भरायला हवी होती असं त्यांना अजूनही वाटत नाही.

निवृत्तीनंतर काकांच्या हाती कॅमेरा आला. हिवाळ्यात भिगवणचे फ्लेमिंगो, पावसाळा सरता सरता कासची फुलं. मग कुणीतरी सांगितलं की, काका, जेपेग काय काढता, रॉ काढा. रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा माल. तो संगणकावर शिजवावा लागतो आणि शिजवायला सॉफ्टवेअर लागतं. इथून काकांच्या उतारवयाला कलाटणी मिळाली.

कारण २०१३च्या मे महिन्यात अडोबी कंपनीने जाहीर केलं होतं की फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या यापुढे विकत मिळणार नाहीत, वर्गणी भरून वापरायच्या. १९९०पासून विकली जाणारी वस्तू एका घोषणेने भाड्याची झाली. काका त्या कंपनीचे ग्राहक कधीच नव्हते, तरीही हा धक्का त्यांना वैयक्तिक बसला. विषय निघाला की ते अजून "त्यांनी केलं ते" एवढंच म्हणतात, घरातल्या वाटणीबद्दल बोलावं तसं.

काकांनी एक्सेल उघडलं. फोटोशॉपची शेवटची विकाऊ आवृत्ती सीएस६, ६९९ डॉलर. फोटोग्राफरांसाठीची वर्गणी तेव्हा महिना ९ डॉलर ९९ सेंट, त्यात रॉ शिजवणारं लाइटरूमही आलं. भागाकार केला तर सत्तर महिने. म्हणजे सहा वर्षांना दोन महिने कमी असेपर्यंत वर्गणीच स्वस्त. हे उत्तर आल्यावर काकांनी तक्ता बंद केला आणि दुसऱ्या दिवशी तीस वर्षांचा नवा तक्ता मांडला. तीस वर्षांत वर्गणीचे साडेतीन हजारांवर डॉलर होतात आणि सीएस६चे ६९९च राहतात. काका तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. आणि फोटोशॉप विकत घेणारी माणसं पुढच्या आवृत्तीसाठी पुन्हा पैसे मोजतच आली होती, त्यालाही तक्त्यात रकाना नव्हता.

कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याने मध्ये पडून पाहिलं. लग्नाचे करिश्मा अल्बम तो २००२ सालच्या फोटोशॉप ७.०वर करतो आणि ती सीडी कुठून आली हे कुणी विचारत नाही. "काका, टाकून देतो, एक पैसा नको." काका ताठ झाले. "चोरी एकदाच करायची असली तरी नको." जिंप हा प्रोग्राम १९९६पासून उघडपणे फुकट मिळतो, हे मी सुचवून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, फुकट वस्तूची तक्रार कुणाकडे करायची?

शेवटी अमेरिकेतल्या पुतण्याने लाइटरूम ६ आणलं, १४९ डॉलर, खोक्यासकट. लाइटरूमची ही शेवटची विकत मिळणारी आवृत्ती, २०१५ची. काकांनी खोक्याची पावती फ्रिजच्या पावतीशेजारी फाइलला लावली आणि आता हा विषय संपला असं जाहीर केलं.

विषय तिथे सुरू झाला. २०१७ अखेर या आवृत्तीच्या सुधारणा थांबल्या. २०१८ अखेर तिच्यातला नकाशा बंद पडला, कारण तो गूगलकडून येत होता आणि तो करार मुळात खोक्यात नव्हता. भिगवण कुठे आहे ते काकांना माहीत असल्यामुळे फार अडलं नाही. पण लेकीने पंच्याहत्तरीला कॅननचा नवा मिररलेस कॅमेरा दिला आणि त्याच्या सीआर३ फाइली लाइटरूम ६ने ओळख दाखवायलाही नकार दिला. आता काका कार्ड काकूंच्या लॅपटॉपला लावतात, अडोबीच्याच फुकट कन्व्हर्टरने फाइली जुन्या लाइटरूमला कळणाऱ्या डीएनजी करतात, पेनड्राइव्हवर घेतात आणि स्वतःच्या विंडोज ७वाल्या लॅपटॉपवर नेतात. या लॅपटॉपला इंटरनेट बंदी आहे. जोडला तर काहीतरी "अपडेट होईल" अशी भीती. बॅटरी केव्हाच गेली, कीबोर्ड बाहेरून लावलेला, पंखा मिक्सरसारखा वाजतो. त्याच्या दुरुस्तीवर आजवर किती गेले, हे एक्सेलमध्ये नाही. काकूंना तोंडपाठ आहे.

मधल्या काळात एकदा काका वर्गणीच्या बाजूलाही गेले होते, सात दिवसांच्या मोफत चाचणीपुरते. त्या सात दिवसांत त्यांनी आयुष्यातले सगळे फोटो शिजवून घ्यायचं ठरवलं. जेवण टेबलावरच, झोप नावाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप पैसे कापले जाण्याच्या किमान चोवीस तास आधी संदेश येतो. तो आला तेव्हा काका पाणकावळ्यावर होते. त्यांनी माउस टाकला आणि आधी वर्गणी रद्द केली. पाणकावळा अजून अर्धा काळोखात आहे.

पण काकांना हसणाऱ्यांनी जरा थांबावं. वर्गणी थांबवली की लाइटरूममधले फोटो दिसतात, बाहेरही काढता येतात, पण ज्या खोलीत बसून ते सुधारायचे तिलाच कुलूप लागतं. वर्षभराचा करार करून महिन्याला पैसे भरणाऱ्याने मध्येच सोडलं तर दंड पडतो. हा दंड नीट न सांगता लपवला, असा आरोप करत अमेरिकेच्या सरकारने २०२४च्या जूनमध्ये अडोबीला कोर्टात खेचलं. ती बातमी काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, खाली फक्त "नोंद घ्यावी." पाणी बंद राहील या सूचनेखाली ती आल्यामुळे फारशी कुणी घेतली नाही.

मी एकदा विचारलं, "काका, दूध, पेपर, मेंटेनन्स, केबल हे सगळं महिन्याचंच ना?"

"दूध रोज नवं येतं," काका म्हणाले. "हे लोक रोज नवं काय देतात?"

मी म्हटलं, आता एका क्लिकमध्ये फोटोतल्या विजेच्या तारा पुसता येतात.

"अरे, तारा होत्या म्हणून पक्षी बसला होता."

काकांची खरी कसोटी पाहिली ती अफिनिटीने. फोटोंचं हे सॉफ्टवेअर तेव्हा एकरकमीवाल्यांचं माहेर. एकदा पैसे द्या आणि सुखी व्हा. काकांनी ते काकूंच्या लॅपटॉपवर घेतलंही. मग २०२२च्या नोव्हेंबरात दुसरी आवृत्ती आली आणि तिचे पैसे वेगळे. काकांनी तेही भरले, "दुसऱ्यांदा एकदाच" असं म्हणत. २०२४ला ते बनवणारी कंपनी कॅनव्हा या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि २०२५च्या ऑक्टोबरात अफिनिटी सगळ्यांना फुकट झालं. एआयच्या करामती हव्या असतील तर तेवढी कॅनव्हाची वर्गणी.

मी आनंदाने वर गेलो, तर काका पावत्यांची फाइल मांडीवर घेऊन बसलेले. दोन आवृत्त्यांच्या दोन पावत्या समोर.

"म्हणजे माझे पैसे गेले की राहिले?"

"काका, आता सगळ्यांनाच फुकट आहे."

"किती वर्षं?"

"कायमचं म्हणतात."

"तसं नको. त्यांना म्हणावं, थोडे पैसे घ्या, पण कायमचं म्हणून शिक्का मारून पावती द्या."

आतून काकू म्हणाल्या, "अहो, आणि माझा लॅपटॉप मला परत कधी मिळणार तेही लिहून घ्या त्यांच्याकडून."