पुढचा जन्म मालाचा

पुढचा जन्म माणसाचा नको. देवाला वाटलंच, तर त्यानं मला पोलादाची गुंडाळी करावं, कोळसा करावं, काहीही करावं. फक्त उतरवावं दिघी बंदरात. रायगडातल्या म्हसळा तालुक्यातून मालाच्या प्रवासाची जी बडदास्त राखली जाते, ती बघून माणसाला आपल्या हातापायांची लाज वाटावी.

मालासाठी इथे काय नाही? २०२१ साली अदानींनी ७०५ कोटी मोजून हे बंदर घेतलं. तिथून म्हसळा, माणगाव, ताम्हिणी करत पुण्याकडे जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला, ७५३ एफ असा भारदस्त क्रमांक लागला. रोह्यापासून दिघीपर्यंत रेल्वे न्यायचीही योजना आहे, अर्थात मालासाठी. आणि २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं देशात बारा औद्योगिक नगरं मंजूर केली, त्यांत दिघीचं नाव झळकलं. ६,०५६ एकर, ५,४६९ कोटी. एवढं सगळं होताना मालाला कुणी एका शब्दानं विचारलं नाही की बाबा, तुझं भारमान किती?

भारमान आम्हाला विचारतात. एसटीच्या भाषेत गाडीत किती सीट भरल्या त्याचा हिशेब म्हणजे भारमान. ते कमी पडलं की फेरी बंद. फेरी बंद झाली की माणसं मिनीडोर रिक्षाला लटकतात, आणि ती लटकली की अहवालात लिहायला मोकळे: या मार्गावर प्रवासी नाहीत. म्हसळ्याच्या वाडीवस्तीवर प्रवासी नाहीत हे ज्याला पाहायचं असेल, त्यानं सकाळी नऊला तिठ्यावर उभं राहावं. ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला एक, उजव्या मांडीला एक, मागे समोरासमोर गुडघ्यात गुडघे, टपावर मेंदडीच्या कोळणीची पाटी, आणि तरी 'एक सीट, एक सीट' चालूच. ती कोळीण एसटीनं गेली असती तर महिला म्हणून १७ मार्च २०२३ पासून तिला अर्धंच तिकीट पडलं असतं. पण पाटीतून पाणी गळतं म्हणून कंडक्टर कुरकुरतो, आणि त्याआधी मुळात गाडी यावी लागते. तिच्या सासऱ्याला तर पंचाहत्तरी उलटल्यामुळे संपूर्ण प्रवास फुकट. म्हातारा सवलतीचं कार्ड छातीच्या खिशात ठेवून पुरं भाडं भरून मिनीडोरनं दवाखान्यात जातो.

रायगड विभागात एसटीची आठ आगारं आहेत: पेण, अलिबाग, कर्जत, रोहा, मुरुड, माणगाव, महाड आणि श्रीवर्धन. म्हसळ्याला आगार नाही, स्टँड आहे. म्हणजे गाडी आपल्या घरातून निघत नाही, दुसऱ्याच्या घरून येते. येताना तिथल्यांचं पोट भरून येते.

नगररचनेच्या जाड पुस्तकांत जे सांगायला चारशे पानं लागतात, ते आमच्याकडच्या एका गोष्टीवरून कळतं. ती म्हणजे मुक्कामाची गाडी. रात्री शेवटची एसटी गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत अंग टाकतात आणि पहाटे तीच गाडी पहिली सुटते. या एका गाडीवर बारावीची मुलगी कॉलेजला जाते, भाजीचा भारा बाजाराला जातो, डायलिसिसचा पेशंट वेळेत पोचतो. गाडीचा मुक्काम हलला की पहिल्यांदा मुलीचं शिक्षण हलतं. मग आई तिला घेऊन म्हसळ्यात खोली करते. मग धाकटा येतो. मग गणपतीपुरतं घर उघडू लागतं, आणि शेवटी एक दिवस बाप सातबारा घेऊन एजंटकडे बसलेला दिसतो. इकडे वाडी रिकामी, तिकडे म्हसळ्यात गटार-पाण्याची बोंब. यावर अभ्यासगट नेमले जातात, 'ग्रामीण स्थलांतराची सामाजिक-आर्थिक कारणे' शोधली जातात. एसटीचं वेळापत्रक कुणी मागवत नाही.

बरं, मंत्रिमंडळाच्या त्या बारा नगरांमध्ये एक गोड तत्त्व आहे: 'चालत कामावर जा'. घर आणि कारखाना इतके जवळ की गाडीची गरजच नको. ऐकून आमचा ऊर भरून आला. घोणसे घाटापासून आंबेतपर्यंत हे तत्त्व आम्ही कित्येक वर्षं राबवतो आहोत, केंद्राला मात्र २०२४ मध्ये सुचलं. फरक एवढाच की त्यांच्या योजनेत घर जवळ आणलंय, आमच्या योजनेत नुसती बस काढून घेतली.

आंबेत म्हटलं की अंतुलेसाहेब आठवणारच. राज्याला मुख्यमंत्री दिलेला तालुका हा. रेवस-रेड्डी सागरी महामार्ग त्यांच्या काळचा. चार दशकं उलटली तरी आमची माणसं खाडीपलीकडच्या आगरदांड्याला जायला दिघीला जंगल जेटीच्या फेरीबोटीवर गाडी चढवतात. पण सरकार स्वस्थ बसलेलं नाही. २०२४ मध्ये या महामार्गाच्या कडेनं १३ विकास केंद्रं आखायचं काम रस्ते विकास महामंडळाकडे दिलं, १०५ गावं त्यात धरली. रस्ता व्हायचा आहे, पूल व्हायचे आहेत. त्यांच्या कडेची शहरं मात्र आखून तयार असावीत, ही दूरदृष्टी.

शहर आखायची दुसरीही रीत असते. ब्राझीलमध्ये क्युरिटिबा नावाचं शहर आहे. तिथला एके काळचा महापौर, जायमे लर्नर, धंद्यानं वास्तुविशारद. १९७४ मध्ये त्यानं बसला स्वतंत्र रस्ता दिला, आणि उंच इमारती बांधायच्या तर त्याच रस्त्याच्या कडेला बांधा असा नियम लावला. आधी बस, मग मजले. आमच्या राज्यात २०२० च्या डिसेंबरात बांधकामाची एकत्रित नियमावली आली. तीत रस्ता जितका रुंद, तितकं चटईक्षेत्र जास्त. त्या रस्त्यावरून बस जाते की म्हशी, हा प्रश्न कोष्टकाबाहेरचा. फ्लॅटमागे मोटारी-स्कूटरींना किती जागा सोडायची, याचं मात्र चोख कोष्टक आहे. मोठ्या शहरांत मेट्रोच्या स्टेशनभोवती जादा चटईक्षेत्र मिळतं. आमच्या स्टँडभोवती वडापाव मिळतो.

स्टँडचं बोलायचं तर तीही जागा आता सरकारच्या नजरेत भरली आहे. एसटीच्या जमिनी विकासकांना द्यायची मुदत २०२५ मध्ये ४९ अधिक ४९ अशी ९८ वर्षं केली. स्वतः एसटी जन्मली १९४८ च्या जूनमध्ये. म्हणजे तिच्या वयापेक्षा तिच्या जागेचा करार थोराड. मोठ्या गावांत वर शोरूम आणि खाली गाड्या लागतील. प्रवाशाला सरकत्या जिन्यानं वर जाऊन 'माणगाव कितीला आहे?' विचारता येईल.

माणगाव तरी काय, आमची रेल्वे तिथे. १९९३ मध्ये रोहा ते वीर कोकण रेल्वे धावली आणि स्टेशन मिळालं, पण त्याला गाठायचं घाटातून, आणि शनिवार-रविवारी मुंबई-गोवा महामार्गावरच्या गर्दीतून. त्या महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे. माणगावचं बाह्यवळण वर्षानुवर्षं रखडलं, म्हणून गाडी चुकली तर वेळापत्रकाला दोष देऊ नये.

शनिवारी मुंबई-पुण्याच्या मोटारी रांगेनं म्हसळ्यातून जातात. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. त्यांच्या लेखी म्हसळा 'मधे लागतं'. वळणावर पानटपरीशी काच खाली होते, 'बीच किती राहिला?' एवढं विचारून वर जाते. याच लोकांसाठी रस्त्याकडेला प्लॉटचे फलक उभे आहेत. एनए मंजूर, गेटेड, क्लब हाऊस. बीच दहा मिनिटांवर, बाजार पाच मिनिटांवर. ही मिनिटं कुठल्या गाडीत मोजली, ते तिथे छापलेलं नसतं. ज्या वाडीतली मुक्कामाची गाडी गेली, त्याच वाडीत आता कुंपण आहे, आत सोलर दिवा आहे आणि पलीकडे आंब्याखाली राहिलेली दोन म्हातारी.

अशाच एका फलकावरच्या नंबरला फोन लावला. बोलणं गोड होतं. पाणी बोअरचं, वीज आहे, रस्ता बारा मीटरचा करणार. म्हटलं, एसटी थांबा किती लांब? पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग तो म्हणाला, "तुम्ही कामाला माणूस बघताय का? प्लॉटचं बोलायचं असेल तर साहेबांना फोन द्या."