कुंपणाचा सातबारा

बदलापुरात भाताच्या खाचरांवर टॉवर उभे राहिले. बैल गेले, औत गेलं, जातं कुठल्याशा रिसॉर्टच्या दारात शोभेला बसलं. तरी आमच्या स्थानिक बातम्यांत कुंपण अजून शेत खातंच आहे आणि आंधळं दळतंच आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात शेतीचं काही टिकलं असेल तर ते मथळ्यांत.

कारण सरळ आहे. म्हणीत कुणाचं नाव नसतं. अमुक अभियंत्याने तमुक बिल्डरकडे डोळेझाक केली असं छापायचं तर कागद लागतात, वकील लागतो, शिवाय वाढदिवसाची पानभर जाहिरात हातची जाते. 'कुंपणच शेत खाते' छापलं की भागलं. आजवर एकाही कुंपणाने अब्रुनुकसानीची नोटीस धाडलेली नाही. उलट ज्याच्यावर लिहिलं, तोच सकाळी फोन करतो, "भाऊ, मस्त हाणलात त्यांना!"

उल्हासनगरात स्लॅब कोसळला आणि ढिगाऱ्यातून कुणी जिवंत निघालं की 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' हे ठरलेलंच. २८ मे २०२१ रोजी साईसिद्धी इमारतीचा स्लॅब खाली आला आणि सात माणसं गेली. त्यांची वेळ आली होती, असं समजायचं का? या शहरातली बेकायदा बांधकामं नियमित करायला सरकारला २००६ साली खास कायदा करावा लागला. ती बांधकामं काळाने केली नव्हती. कुणी तरी रेती पुरवली, कुणी तरी नळ जोडून दिला, कुणी तरी घरपट्टीची पावती फाडली. पण म्हण आली की आरोपी एकटा काळ, आणि तो कॅम्प एकपासून पाचपर्यंत कुठेच सापडत नाही.

बदलापूर-वांगणीच्या मध्ये २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. आत हजारावर प्रवासी. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, गावकरी धावले, सगळे सुखरूप बाहेर पडले. अशा वेळी 'देव तारी त्याला कोण मारी' म्हटलं की श्रेय देवाला जातं. जाऊ द्या, बोटवाल्यांनी कुठे मागितलंय. पण पाणी चढत असताना गाडी पुढे का गेली, हा प्रश्नही त्याच खात्यात जमा होतो.

म्हणींची खरी तारांबळ उडाली ती जानेवारी २०२६ मध्ये, अंबरनाथला. शिंद्यांच्या सेनेला नगरपालिकेच्या सत्तेबाहेर ठेवायला भाजपने थेट काँग्रेसला जवळ केलं. 'शत्रूचा शत्रू तो मित्र' तातडीने बाहेर काढण्यात आली. तिची शाई सुकते न सुकते तोच काँग्रेसने आपले बाराही नगरसेवक निलंबित केले. मग 'तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले' सज्ज झाली, तर ते बाराजण भाजपमध्येच गेले! धुपाटणं नक्की कुणाच्या हाती, यावर एकमत होईना. काँग्रेसमुक्तीचा असा जवळचा रस्ता वाडवडिलांना माहीत नव्हता, त्यामुळे त्यांनी म्हण करून ठेवलेली नाही. बिचाऱ्या वार्ताहरांना दोन दिवस नुसती नावं आणि आकडे लिहावे लागले. बातम्या, खरं सांगतो, बऱ्या उतरल्या होत्या.

पुढारी मात्र डगमगत नाहीत. माजी नगरसेवकांची पत्रकार परिषद बघा. चहा, वडापाव, मग टेबलावर थाप: "चोराच्या उलट्या बोंबा चालल्यात!" एखादा नवखा पोरगा विचारतो, "चोर म्हणजे कोण, साहेब?" साहेब हसतात. "समझनेवाले को इशारा काफी है." सगळे पेन खाली ठेवतात. उद्याचा मथळा मिळालेला असतो.

हे पाहून एका आजोबांनी पालिकेत अर्ज दिला. सोसायटीचं गटार, त्यावर बांधलेला गाळा आणि विषय: 'कुंपणच शेत खात असल्याबाबत'. खिडकीतल्या बाईंनी तो नीट वाचला आणि परत सरकवला.

"काका, कुंपण कुणाच्या नावावर आहे? सातबारा जोडा."