ओहोटीने छळलेला माणूस

कोकणच्या समुद्राने आजवर अनेकांचे हाल केले, पण मांडवा-रेवसच्या पट्ट्यात बंगला बांधलेल्या आमच्या शेठचे केले तसे कोणाचेच नसतील. इटलीचा संगमरवर आला, आयता वाढलेला माड क्रेनने उभा राहिला, गावातल्या कोंबड्यांनी आरवायचं कधी यावरही बोलणी झाली. समुद्र तेवढा ऐकेना. दिवसातून दोनदा तो उठतो आणि चालता होतो. अमावास्या-पौर्णिमेला इथलं पाणी चार मीटरच्या वर चढतं नि तितकंच उतरतं. किनारा सपाट, त्यामुळे पाणी उतरलं की समोर नजर जाईल तिथवर चिखल. गेटवेहून सुसाट आलेली स्पीडबोट नेमकी शेवटच्या टप्प्यात रुतून बसते. पांढरे बूट घालून आलेल्या पाहुण्यांनी करायचं काय?

तेव्हा जेट्टी हवी. समुद्र दारात येत नसेल तर आपण त्याच्या दारात जावं, इतका नम्र विचार. आता बोट लावायची म्हणजे उतरायला चार हात जागा पुरे, असं तुम्हा-आम्हाला वाटतं. कारण आपण कधी जेट्टी बांधलेली नाही. टोकाला बोट लागणार, म्हणजे तिथे तराफा आला. तराफ्यावर ऊन लागतं, म्हणून छप्पर. छपराखाली कोणी उभं राहत नाही, म्हणून सोफे. सोफ्यावर बसलेला माणूस तहानेने व्याकूळ होतो, म्हणून बार. सामान न्यायला बॅटरीवरची गाडी, आणि समोरून दुसरी गाडी आली तर? रुंदी वाढवा! नकाशात एका कोपऱ्यात बोटही दाखवली आहे. ती कायद्यासाठी.

जमिनीचा प्रश्न तर फारच सुटसुटीत. शेठचा सातबारा भरतीरेषेपाशी संपतो आणि जेट्टी बरोबर तिथूनच सुरू होते. पुढचा चिखल सरकारचा, म्हणजे सर्वांचा; आणि जे सर्वांचं असतं ते पहिल्यांदा खांब रोवणाऱ्याचं, हा महसुलात न लिहिलेला पण सर्वांना पाठ असलेला नियम. आमच्या शेताच्या बांधावरून विळा सरकला तर कोर्टकचेऱ्या होतात. इथे बांधच वाहता आहे.

अडचण एकच, तिवरं. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगून टाकलं की कांदळवन तोडणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाव. लोकहितासाठी तोडण्यावाचून गत्यंतर नाही असं न्यायालयाला पटलं तरच हात लावायचा, आणि भोवती ५० मीटर मोकळी जागा ठेवायची. पुढे चारच महिन्यांत, १८ जानेवारी २०१९ ला, केंद्राची किनारपट्टीची नवी अधिसूचना आली. तिच्यात ही ५० मीटरची मोकळी जागा सरकारी जमिनीवरच्या तिवरांना आहे, खाजगी जमिनीवरच्यांना नाही. मालकीच्या जागेत उगवलेल्या झाडाला श्वास कमी लागतो, हा वनस्पतिशास्त्रातला महत्त्वाचा शोध त्या दिवशी राजपत्रात छापून आला.

तरी लोकहित उरतंच. शेठच्या सल्लागाराने ते एका दुपारी निर्माण केलं. अर्जावर ‘स्थानिक मच्छीमार बांधवांच्या सोयीसाठी’ असं लिहिलं आणि अहवालावर जाळं फेकणाऱ्या कोळ्याचं चित्र टाकलं. गावच्या बैठकीत एका म्हाताऱ्या कोळणीने विचारलं, “मंग आमची होरी लावाया देशील का रं तिथं?” सल्लागार म्हणाला, “आजी, सुरक्षेचे काही नियम असतात.” आजी पुढे म्हणाली, की ओहोटीला तिथेच आम्ही कालवं फोडतो, खुबे वेचतो, निवट्या धरतो. सल्लागाराने वहीत लिहून घेतलं: जागा रिकामी आहे.

त्या रिकाम्या जागेत कोळंबीची पिल्लं वाढतात, जिताडा वाढतो. तिवरांच्या मुळ्या चिखलातून वर येऊन ओहोटीत हवा घेतात, म्हणजे शेठला जिचा त्रास तीच ओहोटी यांचा प्राणवायू. रुंद फळ्यांची सावली कायम पडली की खाली नवं रोप धरत नाही. बोटींच्या लाटा काठ पोखरतात. खारेपाटात राहणाऱ्याला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. समोरची तिवरं गेली की उधाण थेट बांधावर आदळतं, बांधाला खांड जाते, आणि भाताच्या शेतात खारं पाणी शिरलं की पुढची काही वर्षं पिकाच्या नावाने शिमगा. पण खांड गेलेला बांध बंगल्याच्या गच्चीवरून दिसत नाही, माड आड येतो.

भरपाईची सोय आहे म्हणे. तोडलेल्या क्षेत्राच्या तिप्पट तिवरं दुसरीकडे लावायची. कोळंबीला नवा पत्ता कळवण्याची जबाबदारी कोणत्या खात्याची, एवढंच ठरायचं आहे.

खाजगी माणसाने धक्का बांधू नये असं कोण म्हणतं? मुंबईचा भाऊचा धक्का एकोणिसाव्या शतकात भाऊ अजिंक्य यांनीच बांधला. त्यावर रेवसची माणसं उतरली, अर्धं कोकण ट्रंका घेऊन उतरलं, मासळीच्या पाट्या उतरल्या. भाऊंना नकाशात सोफे दाखवायचं सुचलं नाही, बिचारे. आजही मांडव्याला सार्वजनिक जेट्टी आहे, २०२० पासून मोटारींसकट माणसं वाहणारी रो-रो आहे. पण तिथे रांगेत उभं राहावं लागतं, आणि रांगेत पुढे कोण असेल ते सांगता येत नाही.

शेठ एकटे असते तर समुद्राने सोसलंही असतं. पण शेजारच्या बंगल्याची जेट्टी यांच्याहून दहा मीटर लांब निघाली, आणि त्याच्या पलीकडच्याने वास्तुविशारद बदलला. प्रत्येकाच्या अहवालात एकच ओळ: परिणाम नगण्य. दहा नगण्यांची बेरीज करायला कोणत्याच कार्यालयात टेबल नाही.

मध्यंतरी शेठ पुन्हा दुःखी दिसले. इतके खांब रोवल्यावर पाणी मंदावलं, मंदावलेल्या पाण्याने गाळ टाकला, आणि जेट्टीच्या टोकाशी पुन्हा चिखल. बोट रुतली. सल्लागाराने मुदतवाढ नव्हे, लांबीवाढ मागणारा अर्ज तयार केला आहे. गाळ पुढे सरकेल तशी जेट्टी पुढे सरकवायची. त्याने नकाशावर पट्टी ठेवून हिशेब केला, तर काही वर्षांत ती गेटवेला टेकते. मग शेठना चालत येता येईल, बोटीची कटकटच नको.