बुवांचा खुराक

सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण ज्या पूर्वजाने प्रथम उच्चारली, त्याची मुलगी मेलबर्नला दिलेली नसावी. माझी दिलेली आहे. आणि म्हणूनच, चौतीस वर्षे कोल्हापूर जिल्ह्यातील निरनिराळ्या तहसील कचेऱ्यांत सातबारा, पीकपाहणी आणि बांधावरची भांडणे यांच्या दफ्तरांत घालवून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झालेल्या माझ्यासारख्या मनुष्यावर, बालपणी ज्या प्राण्याला कुंपणावर पाहताच आम्ही खडा उचलीत असू त्याच्याच कुळातील एका गृहस्थाचा मुदपाकखाना सांभाळण्याचा प्रसंग भर आषाढात, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, ओढवला.

हे गृहस्थ म्हणजे माझ्या नातवाने पाळलेला दाढीवाला सरडा, तिकडच्या भाषेत बिअर्डेड ड्रॅगन. शास्त्राच्या दफ्तरी त्याच्या जातीची नोंद १९२६ सालची असून, खंडाच्या पोटातला रुक्ष, तांबड्या मातीचा मुलूख हे तिचे मूळ वतन. नातवाने त्याला जे इंग्रजी नाव दिले आहे ते माझ्या जिभेला वळत नाही, तेव्हा मी त्याला बुवा म्हणू लागलो. आणि पाहू जाता ते नाव त्याला फारच शोभले. गळ्याखाली काटेरी दाढी, नेत्र अर्धोन्मीलित, दिव्याखाली तासन्‌तास निश्चल बैठक, मधूनच कोणाला तरी आशीर्वाद दिल्याप्रमाणे एक हात संथपणे वर उचलून वर्तुळाकार खाली आणण्याची लकब. इतकेच नव्हे, तर मस्तकाच्या मध्यभागी एका खवल्याखाली प्रत्यक्ष तिसरा डोळा! त्या डोळ्याने कोणी भस्म होत नाही, त्याला उजेड-अंधार तेवढा कळतो, हे खरे. परंतु इतर दोन डोळ्यांनी त्याहून अधिक न पाहणारे साहेब मी नोकरीत पाहिले आहेत. क्रोध आला म्हणजे मात्र बुवांची दाढी फुगते आणि काळीभोर होते.

व्हिक्टोरिया राज्यात हा प्राणी बाळगावयाचा तर १९७५ च्या वन्यजीव कायद्याखाली रीतसर परवाना काढावा लागतो. मी त्या घरात व्हिसावर आणि बुवा परवान्यावर. त्यामुळे आम्हा दोघांत प्रथमपासूनच एक प्रकारचा दफ्तरी बंधुभाव होता.

शाळेला सुट्टी लागली आणि मुलगी, जावई व नातू चार दिवस बर्फ पाहावयास निघाले. बर्फ आणि माझा उजवा अंगठा यांचे सख्य नाही. तीन वर्षांपूर्वी या अंगठ्याला वातरक्ताने पछाडले, आणि कोल्हापुरातल्या आमच्या डॉक्टरांनी, ज्यांच्या घरी मी स्वतः दोन वेळा पांढरा रस्सा भुरकलेला आहे त्या डॉक्टरांनी, युरिक ॲसिडचा कागद माझ्यापुढे धरून मटण कायमचे बंद असा शेरा मारला. तेव्हापासून सौभाग्यवतींनी त्या हुकुमाची बजावणी ज्या कसोशीने चालविली आहे, तितकी कसोशी आमच्या कचेरीत एकाही हुकुमाच्या वाट्याला आली नाही.

निघताना मुलीने बुवांच्या आहाराचा चार पानी हुकूमनामा माझ्या स्वाधीन केला. प्रौढ बुवांचे मुख्य अन्न पालाच. पोरवयात ही जात बहुतांशी किड्यांवर वाढते आणि वय झाले की वानप्रस्थाश्रमी होऊन पानांकडे वळते. सकाळी लाल भोपळ्याचा कीस, मोहरीचा कोवळा पाला, परसात जास्वंद फुलली असल्यास तिचे फूल (हे वाचून बुवांविषयी माझा आदर दुणावला). पालक क्वचित, कारण त्यातले आम्ल कॅल्शियम बांधून ठेवते. ॲव्होकॅडो कदापि नाही. आठवड्यातून दोनदा पाच-सहा रातकिडे. तेही बुवांच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढे अंतर त्याहून मोठे नसावेत, आदल्या दिवशी त्यांना गाजर खाऊ घातलेले असावे, आणि वाढण्यापूर्वी ते कॅल्शियमच्या भुकटीत घोळावेत, अगदी करंजी पिठीसाखरेत घोळावी तसे. उरलेले रातकिडे मोजून बाहेर काढावेत, नाहीतर रात्री तेच बुवांना चावतात. चुकूनही काजवा देऊ नये. एका काजव्याने सरडा मेल्याची उदाहरणे आहेत. दिव्याखालचा दगड चाळीस अंशांच्या आसपास तापलेला असावा, कारण या देहात स्वतःचा जठराग्नी नाही, तो वरून पुरवावा लागतो. ऊब नसेल तर खाल्लेले पोटात तसेच पडून कुजते. शेवटी तांबड्या शाईत एक टीप होती: हिवाळ्यात त्याचे खाणे आपोआप कमी होते, काळजी करू नये, आग्रह करू नये.

आग्रह करू नये, हे वाक्य कोल्हापूरच्या माणसाला उद्देशून लिहिताना कन्येची लेखणी थबकावयास हवी होती.

पहिले दोन दिवस बुवांनी भोपळ्याकडे पाहिलेदेखील नाही. मीही ताटातल्या दुधीकडे त्याच दृष्टीने पाहत होतो. तिसरा दिवस रविवार. आषाढातला रविवार! देशी या दिवशी घरोघर आखाड चाललेला असावयाचा, चुलीवर तांबडा रस्सा रटरटत असावयाचा. आणि येथे एका छपराखाली दोन वयोवृद्ध पुरुष, एक काचेच्या आत आणि एक बाहेर, भोपळवर्गीय भाज्यांपुढे मौन धरून बसलेले. अशातच शेजारच्या आजीबाई कठड्यावर उतरलेल्या कूकाबरा पक्ष्याला आपल्या हाताने चिमूटचिमूट खिमा भरवीत असल्याचे माझ्या दृष्टीस पडले. (हेही पाखराच्या हाडांना वाईट असते म्हणून तिकडे लोकांना वारंवार बजावतात, हे मला मागाहून कळले.) पाखराला खिमा, आणि ज्याच्या जबड्यात दातांची लखलखीत रांग आहे त्या आमच्या बुवांना भोपळा! माझे अंतःकरण द्रवले. ते सर्वस्वी बुवांकरिताच द्रवले, असे मी शपथेवर म्हणणार नाही.

"बुवांचं काही खरं नाही," मी सौभाग्यवतींना म्हणालो, "दोन दिवस पोटात अन्न नाही. थोडा खिमा आणतो. नुसता उकडून, बिनमिठाचा."

"किती खाणार तो?" त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारले.

"पाव किलो पुरे."

त्यांची दृष्टी क्षणभर माझ्या अंगठ्यावर स्थिरावली; परंतु दुपारी कोणा मराठी कुटुंबाकडे भजनाला जावयाचे होते, मोटार दारात उभी होती, आणि पुढील चौकशी तहकूब झाली.

त्या दुपारी काय घडले याचे सविस्तर वर्णन करणे मला प्रशस्त वाटत नाही. एवढेच नमूद करतो की, विमानतळावर जकातीच्या अधिकाऱ्यापुढे रीतसर जाहीर करून आणलेली कांदा-लसणीची चटणी त्या घराच्या फडताळात होती, तिचा डबा उघडण्यात आला, आणि तीन वर्षांच्या वैधव्यानंतर एका कढईला सौभाग्य प्राप्त झाले. बुवांना मी काचेतून एक वार वास दिला. त्यांनी तिसऱ्यासह तिन्ही डोळे मिटले. मग भांडी घासून, खिडक्या उघडून, उदबत्ती लावून मी बुवांच्या रोजनिशीत स्वच्छ अक्षरात नोंद केली: रविवार, दुपार, खिमा पाव किलो, शिल्लक निरंक. कोणी खाल्ला याकरिता त्या रोजनिशीत स्वतंत्र रकाना नव्हता, हा माझा दोष नव्हे.

रात्री दहा वाजता मुलीचा फोन आला, आणि सौभाग्यवतींनी कुशल वर्तमानाच्या ओघात ती नोंद तिला वाचून दाखविली. पलीकडून जी किंकाळी आली तिने दिवा मालवून निजलेले बुवाही जागे झाले. पाच मिनिटांत मुलीने रात्रपाळीच्या एका पशुवैद्याला त्याच फोनवर जोडून घेतले, आणि तो इंग्रजीत विचारी ते ती मराठीत आम्हाला विचारू लागली.

"आई, नक्की किती दिला?"

"पाव किलो म्हणताहेत."

पशुवैद्य बराच वेळ काही बोलला नाही. शनिवारच्या नोंदीप्रमाणे बुवांचे एकूण वजन चारशे बारा ग्रॅम. ऐंशी किलोच्या माणसाने एका बैठकीत अठ्ठेचाळीस किलो मटण रिचवावे, असा तो हिशेब होता. आमच्या पेठेतही असा वीर माझ्या ऐकिवात नाही.

मग त्या भल्या माणसाने मांसाविषयी जे निरूपण केले, ते मी कढईइतक्याच शुष्क झालेल्या घशाने ऐकले. मांस हे सरड्याला विष नव्हे. उकडलेल्या, बिनमिठाच्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा एखादे वेळी पोटात गेला म्हणून कोणी मरत नाही. कोणाला फारच हौस असली तर गोठवून विकतात ते उंदराचे पिल्लू पूर्ण वितळवून कधीमधी द्यावे. ते निदान हाडांसकट असते, पण चरबी त्यातही फार. नुसत्या बिनहाडी मांसात कॅल्शियम जवळजवळ नसते आणि फॉस्फरस भरपूर. असे अन्न रोज मिळाले की शरीर आपल्याच हाडांतून उचल काढू लागते, हाडे मऊ पडतात, जबडा वाकतो. चरबी यकृतात साठते. कच्च्या मांसात जंतू. मीठ, कांदा, लसूण यांचे तर नावच नको. "आणि सगळ्यात वाईट म्हणजे," मुलीचा आवाज कापत होता, "हे प्राणी प्रथिनांतला टाकाऊ भाग युरिक ॲसिडच्या रूपानं बाहेर टाकतात. प्रथिनं फार झाली आणि मूत्रपिंडं थकली की त्याचे खडे सांध्यांत साठतात. बाबांना आहे ना, तेच होतं त्यांना."

माझ्या आणि बुवांच्या दृष्टीची त्या क्षणी गाठ पडली. कबुलीजबाब माझ्या ओठांपर्यंत आला होता. परंतु एकदा दफ्तरी झालेली नोंद आपण होऊन खोडावयाची नाही, हा चौतीस वर्षांचा संस्कार आडवा आला.

पशुवैद्याने हुकूम सोडला: खरोखरच पोटात मांस असेल तर ते थंडीत कुजू देता कामा नये, दिवा लावा, वजन करा, हात साबणाने धुवा, कारण निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या अंगावरही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. सौभाग्यवतींनी दिवा लावला. मी बुवांना उचलून त्यांच्या स्वतंत्र काट्यावर ठेवले. ऐन रात्री समाधीतून ओढून काढल्यामुळे त्यांची दाढी शाईसारखी काळी झाली होती आणि ती फुगवून ते माझ्याकडे, केवळ माझ्याकडेच, पाहत होते.

"किती भरला?" मुलीने विचारले.

सौभाग्यवतींनी चष्मा लावून आकडा वाचला. "चारशे बारा."

"शनिवारी पण तेवढाच होता!"

"हो," सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या. "इथे लिहिलंय ना."

पुन्हा इंग्रजीत काही बोलणे झाले. मी एक पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतला. रात्री आठपासूनच त्यात ठसठस सुरू झाली होती आणि चपलेत तो मावत नव्हता.

"आई, ते म्हणताहेत, पायाची बोटं बघा. सुजून लाल झालीत का?"

सौभाग्यवतींनी विजेरी आणली. बुवांचा एकेक पाय उचलून, एकेक बोट उजेडात धरून, त्यांनी वीसही बोटे तपासली. मग त्या खाली वाकल्या आणि विजेरीचा झोत खुर्चीखाली टाकला.

"सरड्याची नाही सुजली," त्या फोनमध्ये म्हणाल्या.