देव मिळंना

माहूरगडाच्या पायथ्याशी माझं ओटीच्या सामानाचं दुकान आहे. नारळ, खण, बांगड्या, हळदकुंकू. समोरच्या ओसरीवर लॅपटॉप मांडून बसतो तो आमचा इन्स्टॉल मास्तर. खरं नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलंय. नांदेडला डिप्लोमा केलेला, आणि स्वभाव असा, की स्वयंपाकापेक्षा भांडी लावण्यातच जीव रमतो.

नवरात्राला महिना होता तेव्हा म्हणाला, "काका, वहीत काय खरडत बसताव? तुम्हाला विंडो बनवून देतो."

विंडो म्हणजे स्क्रीनवरची चौकट. नग लिहा, भाव लिहा, बटण दाबा, बेरीज हजर. हे पायथन भाषेत लिहायचं आणि चौकट-बटणांसाठी डब्ल्यूएक्स-पायथन घ्यायचं. त्याची वंशावळ मास्तर भाटासारखी म्हणतो: मूळ घराणं डब्ल्यूएक्स-विजेट्स, सी-प्लस-प्लसमधलं, 1992 साली एडिनबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्टनं सुरू केलेलं, 'डब्ल्यू' विंडोजचा, 'एक्स' युनिक्सवाल्यांच्या एक्स विंडोचा, त्यावर पायथनचं वेष्टन चढवलं रॉबिन डननं.

"एकदा लिहिलं की विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीकडं चालतंय काका. अन् जिथं जाईल तिथल्यासारखंच दिसतंय."

हे मला पटकन कळलं. आमच्या किनवट-माहूरकडचा दुकानदार मराठी गिऱ्हाइकाशी मराठी बोलतो, तेलंगणातून आलेल्याशी तेलुगू, तांड्यावरच्याशी गोरमाटी. माल तोच.

मास्तरच्या लॅपटॉपवर लिनक्स. "विंडोजवर तयार विडा मिळतोय," तो म्हणाला, "लिनक्सवर पिप नावाच्या हरकाऱ्याकडनं मागवलं की पान-सुपारी येते. कुटायचं आपणच." रेणुकामातेच्या तांबुलाच्या गावात याहून सोपं करून कोण सांगणार? कुटणं सुरू झालं. पंखा घरघरू लागला. माझं जेवण झालं, वामकुक्षी झाली, चार गिऱ्हाइकं झाली. दिवेलागणीला स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली. 'लिब-जीटीके-थ्री-देव' नावाचं काहीतरी मशिनीत नव्हतं.

"काका, देव मिळंना!"

वर गडावर रेणुका, पलीकडच्या शिखरावर दत्त, त्यापुढं अनसूया. माहुरात बसून असं म्हणणारा मी पहिलाच पाहिला. हा 'देव' म्हणजे डेव्हलपमेंट, कुटायला लागणाऱ्या फायली, असा खुलासा त्यानं केला. पण तोवर शेजारच्या फुलवालीनं कानावर हात ठेवले होते.

अष्टमीला, ऐन गर्दीत, मला हाक आली. मास्तरनं एंटर मारलं. चौकट लखकन आली आणि गेली.

"अरे, हे तर गडावरचंच दर्शन झालं," मी म्हटलं. "तासन् तास बारीत उभं राहायचं, अन् मुखडा दिसतो न दिसतो तोच 'चला पुढं'!"

शेवटची ओळ राहिली होती. तिचं नाव मेनलूप. ती असली की प्रोग्राम थांबून राहतो. कुणी बटण दाबतंय का, काही लिहितंय का, वाट बघतो. ती नसली तर दुकान उघडलं, पण गल्ल्यावर कुणी बसलंच नाही, अशी गत. मला वाटतं, मास्तरच्याही कुंडलीत तीच ओळ राहून गेलीय. उघडतो झोकात, बसत नाही.

दसऱ्याला चौकट टिकली. मी तीन नारळ लिहिले, भाव लिहिला, 'बेरीज' दाबलं. काहीच हललं नाही. बटण होतं, दाबल्यावर काय करायचं, ते त्याला सांगायचं राहिलं होतं. "ते सोप्पंय काका, नंतर करू," म्हणत त्यानं माझ्याच दुकानातलं हळदकुंकू लॅपटॉपला वाहिलं आणि वर आपट्याचं पान ठेवलं.

दिवाळीत विचारलं, तर म्हणाला, "ते काढून टाकलं. नवीन व्हर्जन आलंय. कुटायला लावलंय."

लक्ष्मीपूजनाला मी नवी वही आणली. वर 'श्री' काढला आणि खाली पहिली उधारी मांडली: मास्तर, हळदकुंकवाची पुडी, एक.