काचेवरचा ऑन
(एकपात्री विनोदी प्रयोग)

(रंगमंचावर फळा, टेबल, खुर्ची. नट कोटात, हातात छडी. चेहरा शेवटपर्यंत गंभीर.)

टोयोटा रॅव्ह४ प्राइम ही प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही नोव्हेंबर २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दिसली आणि २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत विक्रीस आली. विक्रीस आली असे म्हणण्याची पद्धत आहे. खरे तर ती जाहिरातीत आली. पहिल्या वर्षी अमेरिकेच्या वाट्याला सुमारे ५,००० गाड्या होत्या. सगळ्या प्रकारच्या रॅव्ह४ मिळून त्या देशात वर्षाला चार लाखांवर खपत होत्या.

(फळ्यावर मोठे वर्तुळ काढतो. शेजारी खडूचा एक ठिपका.)

हे वर्तुळ म्हणजे मागणी. हा ठिपका म्हणजे पुरवठा.

(ठिपका नीट दिसावा म्हणून वाकतो. कोटाच्या बाहीने तो पुसला जातो.)

हे २०२१ साल. चिपांचा तुटवडा.

गाडीत १८.१ किलोवॉट-तासांची बॅटरी असे. एका चार्जमध्ये गाडी विजेवर ४२ मैल धावे, पुढे पेट्रोलवर गॅलनला ३८ मैल देई. घरातल्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर चार्ज व्हायला सुमारे बारा तास लागत. ताकद ३०२ अश्वशक्तीची; शून्यापासून ताशी साठ मैलांचा वेग ५.७ सेकंदांत. मुलांना शाळेत सोडणाऱ्या गृहस्थाला ५.७ सेकंदांची निकड कधी भासते, याचा खुलासा कंपनीने केलेला नाही. शाळेचा खुलासा मात्र तयार असावा.

२०२१ च्या मॉडेलची किंमत वाहतूक खर्च सोडून ३८,१०० डॉलर, वरच्या आवृत्तीची ४१,४२५. ही कंपनीने सुचवलेली किंमत. कंपनी सुचवते; विक्रेता ऐकून घेतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत, विक्रेते नेमलेल्या कंपन्यांना गाडी थेट ग्राहकाला विकायला कायद्याने मनाई आहे. मध्ये स्वतंत्र विक्रेता लागतोच, आणि त्याने किती घ्यावेत हे कंपनीला ठरवता येत नाही.

ग्राहकाचा बचाव म्हणून एक चिठ्ठी असते. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांच्या पुढाकाराने १९५८ साली कायदा झाला. तेव्हापासून प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर मूळ किंमत, जादा सुविधा आणि वाहतूक खर्च छापलेला असतो. ही चिठ्ठी ग्राहकाखेरीज कोणी काढायची नाही, असे कायदा सांगतो. तिच्या शेजारी दुसरी चिकटवायची नाही, असे तो सांगत नाही.

(फळ्यावर दोन चौकोन काढतो. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा.)

दुसऱ्या चिठ्ठीवर लिहिलेले असते: मार्केट ॲडजस्टमेंट. पुढे आकडा. पाच हजार, दहा हजार, विक्रेत्याचा दिवस चांगला असेल तर त्याहून जास्त.

मराठी माणसाला यात नवे काही नाही. आकुर्डीत तयार होणाऱ्या बजाज चेतकसाठी एके काळी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, आणि ज्याला धीर नसे तो ऑन, म्हणजे किमतीवर जादा पैसे, देऊन स्कूटर घेई. त्या पिढीतला एक गृहस्थ आज पुण्यात निवृत्त असतो आणि त्याचा मुलगा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहतो. दर रविवारी फोन होतो.

(खुर्चीत बसतो. दोन्ही आवाज स्वतःच काढतो.)

"बाबा, गाडी मिळतेय."

"ऑन किती?"

"बाबा, इथे ऑन नसतो. मार्केट ॲडजस्टमेंट असते."

"बरं. किती?"

"दहा हजार."

"रुपये?"

"...डॉलर."

(विराम.)

"पावती देतात का रे?"

"देतात ना! काचेवरच छापून लावलंय."

"मग देश पुढारलेला आहे."

(उठतो. छडी हातात.)

आता गणित. पेट्रोल गॅलनला चार डॉलर धरले तर दहा हजार डॉलरचे २,५०० गॅलन येते. त्या काळची साधी रॅव्ह४ हायब्रिड गॅलनला सरासरी ४० मैल देई. म्हणजे एक लाख मैलांचे पेट्रोल झाले. विषुववृत्तावर रस्ता असता तर पृथ्वीला चार प्रदक्षिणा. तेवढे पैसे गाडी शोरूमच्या बाहेर पडण्याआधीच गेलेले असतात. पेट्रोल वाचवण्यासाठी इतका ऑन देणे हा या प्रयोगातला सर्वांत मोठा विनोद आहे आणि तो प्रेक्षकांपैकी कोणीतरी केलेला असण्याची शक्यता आहे.

(प्रेक्षकांकडे बघतो. कोणी मान खाली घातली तर तिकडे जास्त वेळ बघतो.)

यावर विक्रेत्याचे उत्तर तयार असे. बॅटरी पुरेशी मोठी असल्यामुळे या गाडीवर केंद्र सरकार प्राप्तिकरात ७,५०० डॉलरपर्यंत सूट देत असे. विक्रेता म्हणे, सरकार साडेसात देते, दुकान साडेसात घेते, ग्राहकाचे काय गेले? ग्राहक मान डोलावत असे. ज्याचा कर मुळात साडेसात हजारांपेक्षा कमी, त्याला उरलेली सूट मिळत नव्हती, हे त्याला पुढच्या एप्रिलमध्ये कळे.

१६ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी नव्या कायद्यावर सही केली. उत्तर अमेरिकेत जोडणी न झालेल्या गाड्यांची सूट बंद झाली. प्राइम जपानमध्ये तयार होत होती. ज्यांच्याकडे सहीच्या आधीचा बांधील लेखी करार होता, त्यांना जुना नियम लागू राहिला. ज्यांच्याकडे विक्रेत्याचा शब्द होता, त्यांच्याकडे तो शब्द राहिला. २०२३ पासून एक आडवाट निघाली. गाडी विकत न घेता लीजवर घेतली, तर कायद्याने खरेदीदार लीज कंपनी ठरे आणि तिला व्यापारी वाहनांची सूट मिळे. उत्तर अमेरिकेतल्या जोडणीची अट तिथे नव्हती. ती सूट ग्राहकापर्यंत पोहोचवायची की नाही, हे लीज कंपनीच्या मनावर होते. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना दोन्ही वाटा बंद झाल्या. म्हणजे आता ऑन दिला, तर तो झाकायला सरकारी पांघरूणही नाही.

ऑन न देता गाडी घेण्याची रीत पुढीलप्रमाणे. गाड्या विक्रेत्यांना वाटपाने मिळतात. प्राइमचे पहिले वाटप मुख्यतः कॅलिफोर्नियाचे प्रदूषण-नियम पाळणाऱ्या राज्यांत झाले. म्हणून घराजवळच्या एकाच दुकानात हेलपाटे घालण्यात अर्थ नसतो. जाणता ग्राहक चार राज्यांतल्या विक्रेत्यांना ईमेलने एकच प्रश्न विचारतो: कर, फी, जोडसामान धरून गाडी दाराबाहेर काढायला एकूण किती, आणि त्याची फोड काय? गाडी दुसऱ्या राज्यातून आणली तरी विक्रीकर सहसा स्वतःच्याच राज्याचा लागतो. एडिसनच्या मुलाला न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के. त्यामुळे कर वाचवायला नव्हे, ऑन वाचवायला परगावी जावे. विमानाचे एकेरी तिकीट, एक रात्र हॉटेल आणि परतीचा रस्ता मिळून दहा हजार होत नाहीत. रंगाचा हट्ट असला तर मात्र होऊ शकतात.

बरेचसे विक्रेते आकडा लिहून देत नाहीत. ते लिहितात, "प्रत्यक्ष या, बोलू." हेही उत्तरच असते. जो लिहून देतो, त्याच्याकडे येऊ घातलेल्या गाडीसाठी अनामत ठेवावी. ती परत मिळेल आणि सुचवलेल्या किमतीवर काही लागणार नाही, ही दोन्ही वाक्ये कागदावर घ्यावीत. गाडी यायला सहा महिने लागोत, वर्ष लागो. चेतकवाल्यांनी हे केले आहे.

प्रत्यक्ष गेल्यावर काय होते?

(खुर्चीत बसतो. विक्रेत्याच्या आवाजात.)

"महिन्याला किती परवडेल?"

(नटाच्या आवाजात.) या प्रश्नाला उत्तर देऊ नये. दहा हजारांचा ऑन ८४ महिन्यांवर पसरला की व्याज सोडून महिन्याला ११९ डॉलर होतो, आणि ११९ डॉलरला ऑन म्हणायला कोणाची जीभ वळत नाही.

(विक्रेता.) "थांबा हं, मॅनेजरला विचारून येतो."

(विंगेत जातो. रंगमंच रिकामा. प्रेक्षक खोकेपर्यंत रिकामा. परत येतो.)

"मॅनेजर तयार नव्हते. पण तुमच्यासाठी नायट्रोजन फुकट."

चाकांत नायट्रोजन भरून त्याचे वेगळे पैसे लावण्याची चाल आहे. हवेत नायट्रोजन मुळातच ७८ टक्के असतो. हवेत असतो त्याहून जास्त नायट्रोजन नसेल तर पैसे घेऊ नयेत, असा नियम अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२३ मध्ये खरोखर केला होता. विक्रेत्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये तो नियम रद्द झाला. कारण नायट्रोजनचे नव्हते, कार्यपद्धतीचे होते. शिवाय काचेवर गाडीचा नंबर कोरणे, रंगाला लेप देणे आणि कागदपत्रांची फी. ही फी कॅलिफोर्नियात ८५ डॉलरच्या वर घेता येत नाही. फ्लोरिडात तिला मर्यादा नाही. कागद दोन्हीकडे तेवढेच असतात.

शेवटची खोली कर्जाची. विक्रेत्यामार्फत घेतलेल्या कर्जात बँकेच्या दरावर विक्रेत्याला आपला टक्का चढवता येतो. आपल्या क्रेडिट युनियनचे मंजूर पत्र खिशात असले की तो टक्का बहुधा उतरतो. जुनी गाडी द्यायची असेल तर तिचा सौदा वेगळा करावा. एकाच कागदावर दोन्ही आणले की एका ओळीत सूट दिसते आणि दुसऱ्या ओळीत ती परत जाते.

(छडी टेबलावर ठेवतो. कोटाची बटणे लावतो.)

दारावर येऊन माल विकणाऱ्यांशी झालेला सौदा तीन दिवसांत मोडता येतो, असा अमेरिकेत केंद्रीय नियम आहे. शोरूममध्ये घेतलेल्या गाडीला तो लागू नाही. सहीनंतर गाडी, ऑन, नायट्रोजन, सगळे ग्राहकाचे. सहीच्या आधी मात्र कितीही वेळा उठून जाता येते आणि त्याची फी कोणत्याही राज्यात लागत नाही.

(उठून जातो. पडदा.)